भाईंच्या जीपचं तोंड

गुरुदास परब, ज्यांना तोंडवलीत सगळे भाई म्हणत, मुंबईच्या विमा कचेरीतून निवृत्त होऊन गावी आले ते दोन गोष्टी घेऊन. एक जुनी डिझेल जीप आणि दुसरी, कुठल्याही विषयावरचं तयार मत. मत पहिल्या चावीला सुरू व्हायचं. जीपला वेळ लागायचा.

भाईंचं घर रस्त्यापासून खाली, उतारावर. पर्यटकांसाठी दोन खोल्या काढलेल्या, आणि त्या खोल्यांचं नाव जीपच्या बॉनेटवर लाल अक्षरांत रंगवलेलं. येणाऱ्याजाणाऱ्याने ते वाचावं म्हणून भाई रोज संध्याकाळी मान मोडेपर्यंत मागे वळून जीप रिव्हर्समध्ये खाली आणायचे, तोंड वर रस्त्याकडे करून लावायचे. लोक नाव वाचायचे. सकाळी जीपचं खर्र-खर्र-खर्र ऐकायचे आणि दुसरीकडे खोली बघायचे.

सुरुवातीला भाईंनी खाऱ्या हवेला दोष दिला. त्याच हवेत लवूची रिक्षा वर्षानुवर्षं पहिल्या झटक्याला सुरू होत होती, पण हा मुद्दा भाईंना गौण वाटला. लवूचं निदान वेगळं होतं.

"भाईनू, बॅटरी गेली."

लवू सगळ्याच गाड्यांना बॅटरी गेली म्हणायचा. एकदा त्याने बंद पडलेल्या पाण्याच्या पंपालाही तेच सांगितलं होतं. तरी भाईंनी नवी बॅटरी बसवली. दुसऱ्या दिवशी जीपने तेवढाच वेळ घेतला, फक्त खर्र-खर्र जास्त जोरात ऐकू आलं.

मग मालवणात पुष्करच्या गॅरेजला नेली. डिझेल इंजिन सकाळी गरम करणारे हीटर प्लग त्याने बदलले आणि जीप रात्रभर ठेवून घेतली. सकाळी भाईंच्या समोर चावी फिरवली. जीप हात लावताच सुरू.

"गाडी बरी आसा, भाईनू," पुष्कर म्हणाला. "तुमका चावी फिरवूक येता मां?"

भाईंनी अपमान गिळला. घरी आणून उतारावर लावली. सकाळी पुन्हा तेच.

आता उरला होता देव. चुलतभाऊ काशिनाथ गाऱ्हाणं घालण्यात तरबेज. तो नारळ घेऊन जीपसमोर उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "बा देवा म्हाराजा, भाईच्या गाडयेक जी काय नड आसात, ती वाटेन भायर घाल रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," जमलेले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नर्मदाकाकींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. रिक्षा कशाला, मी नेतो, असं भाईंनीच सांगितलं होतं. काकी नवं लुगडं नेसून जीपमध्ये बसल्या. भाई चावी फिरवत राहिले. नवी बॅटरीही शेवटी दमली. लवूला हाक मारावी लागली आणि काकी पोचल्या तोवर डॉक्टर निघून गेले होते. पुढच्या आठवड्यात या, असा निरोप ठेवला होता.

परत आल्यावर काकी एवढंच बोलल्या, "जीप बरी आसा रे भाई. बसाक मऊ."

भाई त्या दुपारी जेवले नाहीत. काशिनाथने मात्र धीर दिला. "देवाक वेळ लागता. इंजिन जुना आसा."

भाईंची बायको अनुजा हे सगळं बघत होती. ती मुंबईत इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. एकाच रोग्याला चौघांनी चार औषधं दिली की काय होतं, हे तिला ठाऊक होतं. पण भाईंना मत असताना दुसऱ्याचं मत ऐकायची सवय नव्हती, म्हणून ती गप्प होती.

दोन दिवसांनी ती जीप घेऊन धामापूरला भगवतीची ओटी भरायला गेली. दमून परतली. रिव्हर्सची कसरत करायचा तिला कंटाळा आला, तिने जीप सरळ खाली आणली आणि तोंड घराकडे ठेवून लावली. सकाळी बाजारात जायला चावी फिरवली. जीप ताबडतोब सुरू.

भाई टूथब्रश तोंडात घेऊनच बाहेर धावले. काशिनाथही आला. "बघ, पावलो," म्हणाला.

त्या संध्याकाळी भाईंनी जीप नेहमीसारखी लावली. सकाळी देव पुन्हा गायब.

"आज मी लावतंय," अनुजा म्हणाली. तोंड घराकडे.

"नाव उलट्या बाजूक गेला. लोकांनी वाचूचा काय?"

"आजवर वाचून कोण रवलो?"

सकाळी जीप पुन्हा पहिल्या चावीला सुरू झाली. अनुजाने ती लगेच बंद केली, खाली वाकली आणि गाडीखाली हात घातला. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीखाली जमिनीवर ओला डाग होता. बोटाला डिझेलचा वास.

"अवो, नळी तडाकली हा," ती म्हणाली. "तोंड वर आसला की टाकी मागे, खाली रवता. तडीतसून वारो आत जाता आणि डिझेल परत टाकीत उतारता. सकाळी इंजिनाक वारोच गावता. तोंड खाली आसला की डिझेल हयच रवता, फक्त थेंब थेंब गळता."

भाईंनी वाकून बघितलं. जीप घेतल्यापासून ते तिच्याखाली पहिल्यांदाच वाकत होते. त्यांच्याकडे मत नव्हतं, आणि याची त्यांना सवय नव्हती.

पुष्करने वीतभर नळी बदलली. लवू म्हणाला, नवी बॅटरी होती म्हणून नळी सापडली. काशिनाथ म्हणाला, अनुजाला वाकायची बुद्धी कोणी दिली? कोणाचंच निदान चुकलं नव्हतं, असं ठरलं.

पुढच्या आठवड्यात भाई नर्मदाकाकींच्या दारात गेले. जीप वर रस्त्यावर सुरूच ठेवली होती, आत अनुजा बसली होती.

"मी लवूक सांगून ठेवलंय," काकी म्हणाल्या.

"काकी, आता बरी झाली."

"बरी झाली तर बरा झाला. पण डोळो माझो आसा." त्या जीपमध्ये बसल्या, आणि लवूला मागून यायला सांगितलं. मालवणपर्यंत पुढे जीप, मागे रिकामी रिक्षा.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. काकींना हात धरून भाईंनी बाहेर आणलं. मग खिशातून चावी काढून अनुजाच्या हातात दिली आणि मागच्या बाकावर काकींशेजारी जाऊन बसले. अनुजाने पुढे बसून चावी फिरवली. काकींनी लवूला हात केला, "जा रे तू, दुसरा भाडा बघ."