आकृती तीन

विश्रामबागेतल्या कॉलेजच्या बैठकीच्या खोलीत पडद्यावर माया कोळेकरचं नाव होतं आणि नावापुढे आकडा. तिच्या शोधनिबंधांचा आधार इतर संशोधकांनी किती वेळा घेतला, म्हणजे तिची उद्धरणं. अकरा. सहयोगी प्राध्यापक व्हायला ती फार कमी होती.

"यातली तुम्ही स्वतःच स्वतःला दिलेली किती, मॅडम?" समितीचे अध्यक्ष वीरधवल माने यांनी विचारलं.

"चार, सर."

"म्हणजे राहिली सात. लग्नपत्रिकेत निमंत्रक यापेक्षा जास्त असतात हो."

खोली हसली. मायाही हसली, उमेदवाराला हसावं लागतं तेवढं.

"बाहेरच्या कुणाबरोबर सहलेखन?"

"नाही, सर. पुरातत्त्वात इथं मी एकटीच आहे. बरेच लेख मराठीत आहेत, ते या मोजणीत येत नाहीत."

माने यांनी शेजारच्या विषयतज्ज्ञाकडे हात केला. "हे जगदाळे सर. साताऱ्याहून आलेत. येरळाकाठच्या पांढरीवरचा यांचा एकच पेपर, दोनशेच्या वर उद्धरणं! तुम्ही यांच्याच विद्यार्थिनी ना? मग एवढं शिकायचं कसं राहिलं?"

डॉ. ऋषिराज जगदाळे पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

पंधरवड्यापूर्वी त्यांच्या कॉलेजनं त्यांच्याकडे उद्धरणांचा तपशील मागितला होता. कुणी उद्धृत केलं एवढंच नको, कशासाठी केलं तेही हवं. म्हणून त्यांनी ते दोनशे लेख पहिल्यांदाच उघडून पाहिले. पांढर म्हणजे जुन्या वस्तीच्या राखेनं पांढुरकं झालेलं टेकाड. त्या पांढरीच्या काळाबद्दल जगदाळ्यांनी जे अनुमान काढलं होतं, ते दोघांनीच उचललं होतं, तेही खोडण्यासाठी. बाकी सगळ्यांचं बोट एकाच जागी होतं. आकृती तीन. कुठंही मडक्याच्या काठाचा तुकडा सापडला की तो आकृती तीनमधल्या कुठल्या प्रकाराशी जुळतो ते लिहायचं आणि पुढं जगदाळ्यांचं नाव द्यायचं.

आकृती तीन मायानं केली होती. तेव्हा ती एम.ए.ला होती. खापर धुवायचं, काठाचा बाक मोजायचा, कागदावर डावीकडे छेद आणि उजवीकडे बाहेरची बाजू काढायची. एवढंच असतं तर प्रश्न नव्हता. चित्रं काढणाऱ्याचं नाव आभारात जातं, हा त्या धंद्यातला रिवाज आहे, आणि तिचं नाव तिथं गेलंही होतं. पण खापरांचे प्रकारही तिनंच पाडले होते. जगदाळ्यांनी केलेली विभागणी तिनं मोडली. "सर, हे दोन एकत्र जात नाहीत. याला आतून खाच आहे, बघा ना," म्हणत पुन्हा मांडली. त्यांना ती पटली. पेपरात त्यांनी लिहिलं, वर्गीकरण प्रस्तुत लेखकाने केले. त्याच पेपरवर ते प्राध्यापक झाले.

आज साताऱ्याहून निघताना त्यांनी बोलायचं ठरवलं होतं. नियमात सोय होती. विषयतज्ज्ञानं लेखी मत दिलं, तर छापलेल्या नावापलीकडचा वाटाही धरता येत होता.

"तज्ज्ञांना काही सांगायचंय?" माने यांनी विचारलं.

"नाही," जगदाळे म्हणाले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "मॅडमची मांडणी स्पष्ट आहे."

मायाची शिफारस झाली नाही, तसं तिला तिथंच सांगितलं. सह्या चहानंतर करायच्या ठरल्या. आपण चहा घेत नाही, जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो, असं सांगून जगदाळे बाहेर पडले.

माया स्कूटरजवळ उभी राहून जतला वडिलांशी फोनवर बोलत होती. "न्हाई झालं, आबा. आकडा कमी पडला. आवं, परत कवा ते मला तरी कुठं ठावं? व्हय, जेवते."

तिनं फोन ठेवला. "सर, जेवून जा ना. घर जवळच आहे."

"माया, येरळाकाठच्या पेपरवर तुझं नाव हवं होतं."

"आहे की. आभारात."

"आभारातलं मोजत नाहीत." मग त्यांनी सांगितलं. उद्धरणं त्यांच्या अनुमानाला नव्हती, आकृती तीनला होती.

"सगळी?"

"जवळजवळ."

"तीन वर्षांपूर्वीही माझं आकड्यावरच अडलं होतं."

"माहीत आहे."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"उद्धरणांचं आत्ता. वर्गीकरण तुझं, हे तेव्हापासूनच माहीत होतं."

"मग मघाशी आत का नाही बोललात?"

"मी नियतकालिकाला लिहितो. दुरुस्ती छापतील. वर्षभर लागेल, पण..."

"वर्षभर." मायाचा आवाज चढला नाही, फक्त गावाकडं वळला. "आन् तुमी आत्ता मला सांगून मोकळं झालासा."

"माया, मला खरंच वाईट..."

"वाटू द्या वाईट. ते मागनं बघू. माने सायेब अजून आत हायेत. सह्या व्हायच्यात."

जगदाळ्यांनी आपल्या गाडीकडे पाहिलं. "आत्ता? सगळ्यांसमोर?"

"हसली ती पण सगळीच की."

ते पायऱ्या चढू लागले. वर गेल्यावर थांबले. "तू इथं थांबतेस?"

"न्हाई. मी आत येणार."

दार उघडलं तेव्हा माने बशीत खारी मोडत होते. "या, या! चहा घेत नाही म्हणालात आणि वासानं आलात होय?"

कुणीतरी खुर्ची सरकवली. जगदाळे बसले नाहीत. "मला लेखी मत द्यायचंय," ते म्हणाले. "एक कोरा कागद मिळेल का?"

मायानं आत येऊन दार लावून घेतलं.

"आधी तोंडानं सांगा, सर," ती म्हणाली.