कणाबाबांचं लाल पाणी

सातपूरच्या पटांगणात दर गुरुवारी मांडव पडायचा आणि पहिल्या पाळीचे कामगार रिकामा डबा हलवत थेट तिथंच यायचे. साल २००७. लोकांच्या खिशात मोबाइल आले होते. डोकी बहुधा घरीच राहत असावीत. मांडवात कणाबाबा बसलेले आणि पुढ्यात कंपवाताचे रोगी. आधी दुधातून प्रसाद, मग तासभर भजन, आणि भजन संपता संपता चमत्कार! थरथरणारे हात टाळ्या वाजवू लागायचे. मग बाबा ओलं फडकं रोग्याच्या पाठीवरून फिरवून हळदीच्या पाण्यात पिळायचे.

"डॉक्टर सुई टोचून मणक्यातलं पाणी काढतो, आम्ही नामानं काढतो! पाणी पिवळं, तर रोग देहाचा. पाणी लाल, तर रोग घरातल्या पापाचा!"

मखमलाबादला झेंडू पिकवणाऱ्या कोंडाजींचं पाणी लालभडक झालं. प्रसाद घेऊनही त्यांचं अंग ताठच राहिलं होतं.

"घरात बाहेरून कोण आलंय?" बाबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"सून," कोंडाजींची बायको कलाबाई म्हणाली.

तेवढं पुरलं. शेजारच्या बायका त्या सुनेपासून, प्रतिभापासून, सरकून बसल्या. मुलगा ज्ञानेश कारखान्यात केसाएवढा फरक पकडणारा तपासनीस. त्यानं त्याच संध्याकाळी बायकोला मोटारसायकलवर बसवून वणीला माहेरी सोडलं.

कोंडाजींचा तोल नेहमी मागं जायचा. ताटाकडे त्यांना खाली बघता येत नसे. प्रतिभाच त्यांना मागून धरून चालवायची, घास भरवायची. ती गेल्यावर ते उताणे पडले आणि त्यांचं डोकं फुटलं.

टाके घातल्यावर नाशिकच्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. ताहेरा शेख यांनी त्यांचे डोळे तपासले. "हा नेहमीचा कंपवात नाही. तसाच दिसणारा दुसरा आजार आहे. नेहमीच्या गोळीला तो फारशी दाद देत नाही."

"गोळी नाय दिली ताई, बाबांचा प्रसाद दिला," म्हणत कलाबाईनं मांडवातला सगळा प्रकार सांगितला आणि दुधात घालायची उरलेली पुडी पुढं केली.

पुडी तपासायला गेली. अहवाल आला: पिठीसाखरेत कुटलेली कंपवाताची गोळी.

"पाठीवर फडकं प्रसादाच्या आधी फिरवलं, की नंतर?" डॉक्टरांनी विचारलं.

"नंतर. भजन झाल्यावर," ज्ञानेश म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा पडला.

"गोळी लागू पडायला तेवढाच वेळ लागतो. ज्याला गुण आला, त्याला साध्या पाण्यातलं फडकं. ज्याला नाही आला, त्याला चुन्याच्या निवळीतलं. हळदीत चुना पडला की काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगू?"

कलाबाईनं तोंडाला पदर लावला. तिची आई हळद-चुन्याचं कुंकू घरीच करायची.

"मणक्यातल्या पाण्यावरून रोग कळतो, हे तरी खरं का?" ज्ञानेशनं विचारलं.

"थोडं खरं आहे. ते पाणी सुईनंच निघतं, आणि ते मेंदूभोवतीही असतं. मेंदूतले तंतू झिजले की त्यांची प्रथिनं त्यात उतरतात. तुमच्या वडिलांसारख्या आजारात ती नेहमीच्या कंपवातापेक्षा जास्त सापडतात, असं संशोधक सांगताहेत. पण तेवढ्यावर निदान अजून कुणी करत नाही. त्या पाण्यात प्रथिनं असतात, ज्ञानेश. सुनेचं नाव नसतं."

पुढच्या गुरुवारी ज्ञानेश मांडवात उभा राहिला. "बाबा, आज आधी पाणी बघा, मग प्रसाद द्या!"

बाबांनी शाप दिले, चिमटा आपटला, मग त्यांना एकाएकी लघुशंका लागली. मागच्या कनातीतून गेले ते परत आलेच नाहीत. लोकांनी निवळीचा तांब्या शोधून काढला आणि ते हसत सुटले. ज्ञानेशला हसू येईना. आईला गाडीवर मागं बसवून तो थेट वणीला निघाला.

"चुकलं गं पोरी," प्रतिभाच्या दारात कलाबाई रडू लागली. "त्या बाबानं फसवलं आम्हाला."

"बाबानं पाणी लाल केलं, आत्याबाई. बोट माझ्याकडं तुम्ही केलं." प्रतिभानं नवऱ्याकडं पाहिलं. "आणि तुम्ही गाडी काढली."

कलाबाईनं तिला सासऱ्यांच्या फुटलेल्या डोक्याचं आणि टाक्यांचं सांगितलं.

"मामांसाठी येते मी," ती म्हणाली. "तुम्हाला माफ केलंय, असं समजू नका. आणि यापुढं कुणी काही सांगितलं, तर एवढंच विचारा, तुला हे कसं कळलं? माणूस घराबाहेर काढायच्या आधी विचारा."