कोणतं सर्टिफिकेट करू? एका फळ्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे आणि खरं सांगायचं तर पार वैतागून गेलो आहे. फळ्याने तक्रार करू नये असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या अंगावर जेवढं लिहिलं आणि पुसलं गेलं, तेवढं तुमच्या पाठीवर झालं असतं तर तुम्हीही गप्प बसला नसता.

माझा जन्म कारखान्यात झाला. पातळ पत्र्यावर गुळगुळीत पांढरा थर चढला आणि कडांना ॲल्युमिनियमची पट्टी बसली. पहिली काही वर्षं मी मोटार शिकवणाऱ्या एका वर्गात काढली. तिथले मास्तर माझ्यावर चौक काढत आणि विचारत, "आता आधी कोणी जायचं?" उत्तर एकच असे. काय सुखाचे दिवस होते! पुढे मास्तर थकले, वर्ग बंद पडला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. तिथून मला एका बाईंनी घरी आणलं. त्यांचे धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून माझ्याही तोंडी तेच नाव बसलं.

वहिनी एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात होत्या. पासवर्ड विसरलेल्या डॉक्टरांचे फोन घ्यायचे, रुसलेले प्रिंटर चालू करून द्यायचे, हे त्यांचं काम. एकदा कुठल्याशा चोरांनी इस्पितळाचे सगळे कॉम्प्युटर बाहेरून बंद पाडले. रुग्ण टेबलावर आणि रिपोर्ट उघडेनात. त्या दिवशी वहिनी घरी आल्या त्या हे चोर अडवण्याचं काम शिकायचंच, असं ठरवून. थोड्याच दिवसांत इस्पितळाने कॉम्प्युटरच्या सुरक्षा विभागात एक जागा काढायचं ठरवलं. साहेब म्हणाले, "एखादं सर्टिफिकेट करून ठेवा, मग बघू." कोणतं, ते साहेबांनी सांगितलं नाही. वहिनींनीही विचारलं नाही. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

मला फ्रिज आणि शिवणयंत्राच्या मधल्या भिंतीवर टांगलं. पहिला मार्कर उचलला तो भाऊजींनी. त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मोबाइलवर पाहिलेला प्रत्येक व्हिडिओ त्यांना पटत असे.

"वहिनी, हॅकिंगचं करा. नाव ऐकूनच समोरचा गार पडतो."

"पण भाऊजी, मला हल्ला करायचा नाहीये. मला अडवायचंय."

"अहो, एकच ते!"

एकच नव्हतं. तरी माझ्यावर हॅकिंगचं वेळापत्रक चढलं. दोन धडे झाले नाहीत तोच नवा व्हिडिओ आला आणि भाऊजींनी मला पुसलं. आता म्हणे सगळ्यांची माहिती इंटरनेटवरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर असते, तेव्हा तिची राखण शिकवणारं सर्टिफिकेट करायचं. तेही पुसलं गेलं. मग ऑफिसातली मैत्रीण चहाला आली आणि म्हणाली, "एवढा जीव काढायचा तर सगळ्यात मोठंच कर की. मॅनेजर लोक करतात ते. त्याच्यापुढे बाकीच्यांना कोण विचारतो?" माझ्यावर सर्टिफिकेटांची एक शिडी काढली गेली. तिच्या सगळ्यात वरच्या पायरीला भाऊजींनी लाल गोल केला. वहिनी त्या गोलाकडे बघतच राहिल्या.

माझ्या अंगावर शिडी होती, पण तिच्या खालच्या पायऱ्यांकडे कोणीच बघत नव्हतं. मी ओरडू शकत नाही, हे माझं दुर्दैव.

त्यानंतरचे महिने वहिनींनी स्वतःला पिळून काढलं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता त्या धोरणं आणि नियम पाठ करत. सासूबाई भाजी निवडत त्यांची उजळणी घेत आणि इंग्रजी शब्द असे काही वाचत की वहिनींना हसू आवरत नसे. परीक्षा झाली. वहिनी पास झाल्या! सासूबाईंनी जिन्यावर भेटेल त्याला सांगितलं, "आमची सून कॉम्प्युटरची पोलीस झाली."

आनंद परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा ईमेल येईपर्यंतच टिकला. परीक्षा उत्तीर्ण झालात, अभिनंदन; परंतु सुरक्षेच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव दाखवल्याशिवाय ही पदवी नावापुढे लावता येणार नाही. वहिनींनी प्रिंटर आणि पासवर्डची सगळी वर्षं लिहून पाठवली. ती धरली गेली नाहीत. अट पहिल्यापासून लिहिलेली होती. ती वाचायचं भाऊजींना सुचलं नाही, मैत्रिणीला नाही आणि वहिनींनाही नाही.

त्यांनी साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो शिवणयंत्रावर ठेवला.

"अहो, ती जागा तर भरली," साहेब म्हणाले. "तुमच्याच विभागातला एक जण आला, कोणतं करू म्हणून विचारून गेला. मला साधं सुरुवातीचं पुरत होतं."

"मग मला का नाही सांगितलंत, साहेब?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

वहिनींनी फोन ठेवला आणि माझ्यावरची शिडी हाताच्या पंजाने खसाखसा पुसली. लाल गोल निघेना. भाऊजींनी तो भलत्याच मार्करने काढला होता, कायमच्या शाईच्या. दारात उभे राहून ते पुटपुटले, "वहिनी, मी तुमच्या भल्यासाठीच..."

"ठाऊक आहे, भाऊजी. पण मला काय काम करायचंय, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का? आणि मी तरी स्वतःला कुठे विचारलं!"

त्या आठवड्यात त्यांनी एकही व्हिडिओ पाहिला नाही. नोकरीच्या जाहिराती वाचल्या. धोक्याच्या सूचना तपासायच्या, त्यांतली खरी कोणती आणि खोटी कोणती ते ओळखायचं, या कामाला लोक काय मागतात ते माझ्यावर उतरवलं. सुरुवातीचं तेच साधं सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा येत होतं. ते त्यांनी सहज केलं. इस्पितळातली जागा मात्र हातची गेली ती गेलीच. आता त्या औषधांच्या एका कंपनीत तेच काम करतात, अगदी खालच्या हुद्द्यावर, आपल्याहून लहान असलेल्या मुलीच्या हाताखाली. काम आवडतं म्हणतात. वाया गेलेल्या वर्षाचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जातात.

मित्रांनो, मला कोरड्या हाताने घासू नका, ओरखडे पडतात. माझ्यावर लिहायचा मार्कर आधी पारखून घ्या. आणि दुसऱ्याच्या आयुष्याचं वेळापत्रक लिहायची घाई करू नका. माझ्यावरचं एरवी पुसता येतं, पण त्या माणसाने घालवलेल्या संध्याकाळी कोण परत देणार?

काल शेजारची मुलगी आली होती. "काकू, या लाइनमध्ये कोणतं सर्टिफिकेट बेस्ट?" भाऊजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. वहिनींनी तिच्या हातात मार्कर दिला. "रोज सकाळी जाऊन तुला काय काम करायला आवडेल, ते आधी लिही."

मुलगी माझ्यासमोर आली. मार्करचं टोपण उघडून पुन्हा लावलं. मग म्हणाली, "उद्या सांगते," आणि गेली. तो लाल गोल सोडला तर मी तसाच कोरा राहिलो, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.