वीतभर उंच कपाट

नळदुर्गच्या पेठेत चन्नबसप्पाची अडत होती आणि अडतीच्या मागच्या अंगाला घर. बाहेर निजामाचा अंमल होता, घरात रुद्रम्माचा. रुद्रम्मा म्हणजे चन्नबसप्पाची आई. तूप, गूळ, वर्षाचा मसाला, सगळं वरच्या फळीवरच्या पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली रुद्रम्माच्या कमरेला. मुलांनी सांडलवंड करू नये म्हणून, असं ती सांगायची. पण मुलं नव्हती तेव्हाही कुलूप होतंच.

शिवकांता ही तिची सून. आळंदहून लग्न होऊन आली त्याला नऊ वर्षं झाली होती. दोन मुलं झाली, भाकऱ्या थापून हाताची कातडी जाड झाली, पण गुळाचा खडा हवा असला तरी सासूपुढं तळवा पसरावा लागे. रुद्रम्मा नाही म्हणायची नाही. ती फक्त वेळ लावायची. त्यात शिवकांता चांगली उंच, रुद्रम्मा ठेंगणी. सुनेशी बोलताना सासूला मान वर करावी लागे, आणि ही गोष्ट रुद्रम्मानं सुनेला कधी माफ केली नाही. जणू पोरीनं मुद्दाम उंची वाढवून घेतली होती.

एकदा सासू मठात गेलेली असताना धाकट्याला तापात कडू काढा पाजावा लागला. पोर गुळासाठी रडत राहिलं. पेटी डोळ्यासमोर, आणि शिवकांताचा हात तिथवर सहज पोचत होता, पण कुलपापुढं हाताचं काय चालतंय. रुद्रम्मा परत आली, पाय धुतले, विभूती लावली आणि मग कुलूप उघडलं. तोवर पोर रडून झोपलं होतं. शिवकांताला तो दिवस विसरता आला नाही. तिला तूप खायचं नव्हतं की मसाला विकायचा नव्हता. आपल्या हातानं डबा काढता यावा, एवढंच तिला हवं होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. चन्नबसप्पा सोलापूरला एका व्यापाऱ्याकडं जेवायला गेला आणि त्यांच्या स्वैपाकघरात त्यानं जाळीच्या दारांचं उभं कपाट पाहिलं. कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले, त्यामुळं मुंगी वर चढत नाही, आणि जाळीमुळं मांजर आत जात नाही. चन्नबसप्पा जेवला कमी आणि कपाटाकडं बघत बसला जास्त. येताना त्यानं जाळी आणली, निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर अर्धा दिवस हुज्जत घातली, आणि कपाट करायला माकणीच्या लिंबाजी सुताराला निरोप धाडला.

लिंबाजीचं नाव त्या मुलखात मोठं होतं. पन्नाशी उलटलेली, बोलणं कमी, आणि चाळीस वर्षांत बसवलेल्या कामाला परत करवत लावली नाही, हा त्याचा अभिमान. फूटपट्टी तो जवळ बाळगायचा, पण स्वैपाकघरातल्या कामाला वापरायचा नाही. तिथं त्याच्या बापाची रीत चालायची. ज्या बाईचं स्वैपाकघर, तिनं अनवाणी भिंतीशी उभं राहायचं, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याखाली धरायचं आणि दोरीला तीन गाठी मारायच्या. एक कमरेला, एक खांद्याला आणि एक हात वर करून जिथं बोटं पोचतील तिथं. गाठी बाईनंच मारायच्या. तोवर सुतारानं अंगणाकडं तोंड करून उभं राहायचं. तिसऱ्या गाठीवर वरचा कप्पा. दोरी काम बसेपर्यंत सुताराच्या खुंटीवर राहायची आणि काम बसलं की घराला परत द्यायची.

लिंबाजी माप घ्यायला आला तो नेमका सोमवार होता आणि रुद्रम्मा मठात होती. चन्नबसप्पानं दुकानातूनच त्याला मागच्या दाराला पाठवलं. लिंबाजीनं दारातच दोरी खाली ठेवली, पाठ फिरवली आणि म्हणाला, "बाई, ज्यांचं सैपाकघर हाय त्यांनी माप द्यावं."

शिवकांता पीठ मळत होती. सासूबाई घरात नाहीत, थांबा, एवढं म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं. तिनं हात धुतले, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, दोरीचं टोक अंगठ्याखाली दाबलं आणि तीन गाठी मारल्या. तिसरी मारताना तिनं हात पुरता ताणला. खोटं ती एक शब्द बोलली नाही. नुसती उभी राहिली. लिंबाजीनं खाली मान घालून दोरी उचलली आणि तो गेला. बाईचं तोंड बघायची त्याची रीत नव्हती.

रुद्रम्मा आल्यावर शिवकांता म्हणाली, "सुतार येऊन गेला, अव्वा. माप झालं." जुन्या फळीवरून घेतलं असेल, असं रुद्रम्मा धरून चालली. शिवकांतानं तिला तसं धरू दिलं. त्या रात्री तिला भीती वाटली आणि आनंदही झाला. दोन्हींतलं जास्त काय होतं ते तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

दीड महिन्यानं लिंबाजी गाडीत कपाट घालून आला. काम देखणं होतं. दारं बिनआवाजाची, जाळी ताणून बसवलेली, वरच्या कप्प्याला कुलपाची कडी. पाण्याच्या वाट्या मांडून कपाट उभं केलं, आणि रुद्रम्मा गुळाचा डबा घेऊन पुढं झाली. तिनं हात वर केला. टाचा उचलल्या. बोटं कप्प्याच्या खालच्या कडेला लागली आणि तिथंच थांबली. तिनं पुन्हा एकदा करून बघितलं, मग डबा खाली ठेवला आणि चुलीपाशी जाऊन बसली.

चन्नबसप्पाला मात्र कंठ फुटला. "लिंबाजी, काय केलंत हे? अव्वाचा हात पुरत न्हाय. वीतभर उंच झालंय."

"माप बराबर हाय, सावकार."

"मग हात कसा पुरत न्हाय?"

लिंबाजीनं चुलीकडं एकदा बघितलं. म्हातारी बसलेली. तिच्या पलीकडं दाराआड एक उंच सावली. त्याच्या ध्यानात आलं, आणि ज्या वेळी ध्यानात आलं त्याच वेळी त्यानं तोंड मिटलं.

चन्नबसप्पानं महालिंगप्पांना बोलावून आणलं. महालिंगप्पा मठाचं कामकाज बघायचे. पेठेत तंटा झाला की त्यांनी सुपारी कातरत ऐकून घ्यायचं आणि मग सांगायचं, असा शिरस्ता होता. शिवाय मठाला नवा दरवाजा करायचा होता आणि ते काम लिंबाजीला द्यायचं त्यांच्या मनात होतं. लिंबाजीच्या बापानं मठाचा जुना दरवाजा केला होता. नवा आपल्या हातून व्हावा म्हणून लिंबाजी दोन वर्षं वाट बघत होता, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

कपाट ओसरीवर आणलं. बायका दाराआड उभ्या राहिल्या.

"दोरी आन," महालिंगप्पा म्हणाले.

लिंबाजीनं घराला परत द्यायला आणलेली दोरी कनवटीतून काढून दिली. ती आत गेली, रुद्रम्माच्या पायापासून वर लावली गेली आणि तिसरी गाठ तिच्या बोटांच्या वीतभर वर लोंबत राहिली. रुद्रम्मानं दोरी हातात घेतली, गाठ जवळून बघितली आणि दोरी बाहेर पाठवून दिली. शिवकांता शेजारीच उभी होती.

"मंग हे माप कुनाचं?" महालिंगप्पांनी विचारलं.

"ह्या घरचं हाय."

"ह्या घरात कुनाचं?"

"बाईमाणसाचं नाव म्या चार माणसांत घ्यायचा न्हाय, अण्णा," लिंबाजी म्हणाला. "माझं चुकलं म्हना."

आता यात गंमत बघा. माप कुणाचं हे सासूला माहीत, सुनेला माहीत, सुताराला माहीत. माहीत नव्हतं ते फक्त न्याय करायला बसलेल्या दोघांना. आणि ते दोघं एकमेकांकडं बघून माना हलवत होते.

"चुकलं असंल तर पाय काप," महालिंगप्पा म्हणाले. "वीतभर पाय कमी केले की झालं. पन दरवाजाचं काम मला दुसऱ्याला सांगावं लागंल, लिंबाजी. सैपाकघरातलं माप चुकणाऱ्याला मठाचं दार कसं द्यावं?"

लिंबाजीनं मान डोलावली. कपाट आडवं केलं, पायावर कोळशाची रेघ ओढली आणि करवत काढली. ती लाकडाला लावायला त्यानं वेळ घेतला.

शिवकांताला वाटलं, आपण गप्प राहिलो तर काहीच होणार नाही. कपाट खाली येईल, सुतार माकणीला जाईल. बोललो तर सासूच्या जागी उभी राहिली म्हणून चार माणसांत नाव होईल आणि आळंदची वाट धरावी लागेल. मुलं इथंच राहतील. तिनं सासूकडं बघितलं. रुद्रम्मा तिच्याकडंच बघत होती, मान वर करून.

करवतीचा पहिला घास लाकडात गेला तसं शिवकांता उंबरा ओलांडून ओसरीवर आली. पदर सावरून ती कपाटाशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि हात वर केला.

"दोरी लावा," ती म्हणाली. "माप माझं हाय."

चन्नबसप्पाचं तोंड उघडं राहिलं. महालिंगप्पांची सुपारी कातरायची राहिली. दोरी कुणी लावली नाही. लावायची गरजही नव्हती.

"तुला कुनी सांगितलं व्हतं माप द्यायला?" चन्नबसप्पा म्हणाला.

"त्यांनी इचारलं, सैपाकघर कुनाचं. नऊ वर्षं म्याच रांधतेय. म्हनून हुबी राह्यले. चूक सुतारमामांची न्हाय."

रुद्रम्मा बाहेर आली. रागावली की तिची जीभ कानडीवर जायची. "ब्याड," ती करवतीकडं बोट करून म्हणाली. नको. मग मराठीत म्हणाली, "घरात आलेल्या लाकडाचे पाय कापायचे न्हाईत. कपाट हाय तसं ऱ्हाऊ दे. लिंबाजी, मला चढायला चौरंग करून दे. वीतभर उंच." आणि तिनं आपली वीत त्याच्यापुढं धरली. "ह्याचं माप माझं घे."

महालिंगप्पांनी दरवाज्याचं काम लिंबाजीलाच सांगितलं आणि उठले. एका पायावर करवतीची खूण राहिली, ती पुढं कधी बुजली नाही.

चौरंग आला. रोज सकाळी रुद्रम्मा त्यावर चढायची, शिवकांता चौरंग धरून उभी राहायची. वरून कुलूप उघडलं जायचं, गूळ-तूप निघायचं, कुलूप लागायचं. चार महिने असे गेले. शिवकांताला कुणी आळंदला धाडलं नाही आणि कुणी माफही केलं नाही. स्वैपाकघर मिळवायला गेली आणि चौरंग धरायचं काम मिळालं, असं ती मनाशी म्हणायची. तिला वाईट वाटायचं आणि हसूही यायचं.

थंडीतल्या एका सकाळी रुद्रम्मानं एक पाय चौरंगावर ठेवला आणि परत खाली घेतला. ती त्यावर बसली.

"त्या दिवशी भ्याली व्हतीस?"

"व्हय, अव्वा."

"दोरी हातात घेतली तवाच वळखली म्या. शिंक्याला तू तसलीच गाठ मारतीस."

"मग बोलला न्हाईत?"

"तू बोलतीस का बघत व्हते." रुद्रम्मानं भिंतीकडं बोट केलं. "वर जुनी फळी व्हती न्हवं, ती ह्याच लिंबाजीच्या बापानं केली. माप घ्यायला आला तवा माझी सासू घरात न्हवती. त्यानं इचारलं, सैपाकघर कुनाचं. म्या म्हनलं, सासूबाई येतील, थांबा."

"मग?"

"थांबला की तो. म्या बी थांबले. सासू जाईस्तोवर. एकवीस वर्षं."

तिनं कमरेची किल्ली सोडली आणि सुनेपुढं धरली. "डबा काढ. किल्ली माझीच हाय, काम झालं की परत द्यायची."

शिवकांतानं कुलूप उघडलं. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. गुळाचा डबा काढला, कुलूप लावलं, किल्ली परत दिली. रुद्रम्मानं ती कमरेला बांधली, गाठ ओढून बघितली आणि चौरंगावर बसल्या बसल्या सुनेपुढं आपला तळवा पसरला.

शिवकांतानं पहिला खडा तिच्या हातावर ठेवला.