बंद दिसणारं भिंग

"आदी झाकन काडा की, ताई," सदूकाका म्हणाले.

"झाकण नाही, काका. भिंगच आहे ते. जर्मेनियमचं."

त्यांनी कॅमेऱ्याच्या करड्या, चकचकीत चकतीला डोळा लावला. "ह्यातून मला माजंच नाक दिसतंय."

"चष्म्यातून तरी तुमाला दुसरं काय दिसतं?" त्यांच्या पत्नी सोनाबाई तबेल्यातून म्हणाल्या.

घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर मी उष्णतेचा कॅमेरा घेऊन माथेरानला आले होते. सदूकाकांची घोडी मोगरी दिवाळीपासून डाव्या पुढच्या पायाने लंगडत होती. सांधा धरला असेल, तर तिचं डोंगरावरचं काम संपलं. मग तिला खाली पोशीर गावी पाठवणार, काकांच्या भावाकडे.

"तितं गवात मिळंल," सोनाबाई म्हणाल्या, "पन तिचं मानूस कोन हाय तितं?"

मी कॅमेरा लावला. गुडघ्यापासून खुरापर्यंत सगळा पाय पांढराफेक दिसला. इतका गरम? मी जवळ वाकले. मग हळदीचा वास आला.

"लेप लावलाय?"

"मंग!" काका म्हणाले. "तुमी येनार म्हनून आताच गरम हळद-मीठ लावलं. पाय जरा बरा दिसाय नको?"

म्हणजे मला दिसत होता तो लेप. तो धुतला, पाय कोरडा केला; आता तो आपल्या मूळ उष्णतेवर येईपर्यंत थांबणं भाग होतं.

"डोळ्याला दिसत नाय, तर त्याला कसं दिसतं?" काकांनी विचारलं.

जर्मेनियम धातूसारखं चकाकतं, पण पडलं तर काचेसारखं फुटतं. आपल्याला दिसणारा प्रकाश त्यातल्या इलेक्ट्रॉनना उडवण्यातच खर्च होतो आणि आतच संपतो. अंगाच्या उष्णतेच्या किरणांत तेवढं बळ नसतं. ते कुणाला न उठवता पार निघून जातात. हे मी जमेल तसं सांगितलं.

"म्हंजी जोरवाला आडकतो, आनि गरीब सुटतो?"

"तसंच."

"असला नाका आपल्या दस्तुरीला पायजे व्हता, कर घेत्यात तितं."

पाय निवल्यावर पुन्हा पाहिलं. दोन्ही पुढच्या पायांचे सांधे एकाच रंगाचे. डाव्या खुराच्या कडेला मात्र एक लहानसा पांढरा ठिपका. डॉक्टरीणबाईंनी तिथे चिमट्याने दाबताच मोगरीने पाय झटकला. नालेचा खिळा आत लागून पू झाला होता. त्यांनी खिळा काढला, पू वाहू दिला, पट्टी बांधली.

"सांधा चांगला आहे. आराम द्या, पण इथेच. खाली कशाला पाठवता?"

मोगरीच्या मानेवर दोन्ही हात ठेवून सदूकाकांनी कपाळ टेकलं.

"रडताय काय?" सोनाबाईंनी विचारलं.

"न्हाय गं. आयाळ डोळ्यात गेली."

ते बाजूला झाले. कॅमेरा माझ्या हातात चालूच होता. पडद्यावर, मोगरीच्या मानेवर, दोन पंजे आणि वर एक गोल ठसा उजळ दिसत होता. सोनाबाई माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"ह्ये काय गं बाय?"

"काका. त्यांची ऊब राहिलीय."

कडा विरू लागल्या होत्या. सोनाबाई बघत राहिल्या.

"अवं, पुसतंय त्ये," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "परत लावा की हात."