श्रावणाच्या तिसऱ्या दिवशीचं भूत

बाजारहत्नूरच्या मारुतीपुढे अर्धं गाव जमलं होतं. देवळाच्या खांबाला धोंडीबा बांधलेला. हात थरथरत होते, अंग घामानं निथळत होतं. "मुंग्या! अंगभर मुंग्या! काढा ना रे कोणी!" अंगावर एकही मुंगी नव्हती. लोक हात जोडून बघत होते. मला त्या जोडलेल्या हातांचीच किळस आली.

मी बोथच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर. निजाम गेला, आता आपला जिल्हा कोणत्या राज्यात पडणार यावर चावडीवर रोज भांडणं. भुतांचं राज्य मात्र तसंच चालू होतं.

"बोल, कोण हायेस तू?" भूत उतरवायला आलेल्या गोसाव्यानं धोंडीबाच्या पाठीवर चिंचेचा फोक ओढला. "थांब, काशीचं सातसमुद्री तीर्थ पाजतो तुले!"

काशीला समुद्र कधी पोचला, हे कुणी विचारलं नाही.

तीर्थ पोटात गेलं आणि घटकाभरात थरथर ओसरली. जयजयकार झाला. मी गोसाव्याच्या हातून कमंडलू ओढून घेतला. कापराच्या वासाआड मोहाची दारू! धुनीत ओतली तर भपकन जाळ झाला.

"डाक्टर, देवाशी खेटू नका!"

"देवाशी नाही, तुमच्या हातभट्टीशी खेटतोय."

धोंडीबाच्या बायकोला, बयनाबाईला विचारलं, "यानं दारू कधी सोडली?"

"अवसेले. सरावन पाळून राह्यले ना. रोज दोन बाटल्या पेत होते, एकदम बंद केली."

"आणि हे महाराज गावात कधी येतात?"

"दरसाल सरावनाच्या तिसऱ्या दिवशी," गावचे पाटील पांडुरंगराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी थांबवलं की दोन-तीन दिवसांत झोप उडते, हात कापतात, नसलेलं दिसतं, ऐकू येतं. झटके येऊन माणूस मरतोही. पुन्हा दारू पाजली की थरथर तेवढ्यापुरती थांबते. गोसाव्याला भूत दिसत नव्हतं, पंचांग दिसत होतं. आम्ही धोंडीबाला सोडून बैलबंडीत घातलं तोवर गोसावी शेताशेतानं पसार झाला.

उपचारांच्या पाचव्या दिवशी धोंडीबा दवाखान्यात शांत झोपला होता. बयनाबाई उशाशी बसून म्हणाली, "डाक्टरसायेब, मांगच्या सरावनात माह्या दिराले बी असंच बांधलं होतं. झटके आले, मेला. बाबा म्हने, भुतानं नेला. मी बाबाच्या पाया पडली होती."

"भूत नव्हतं, बाई. आजार होता. वेळेवर आणला असता तर बहुधा वाचला असता."

ती रडली नाही. पाया पडलेले ते हात लुगड्याला पुसत राहिली, पुसतच राहिली.

म्हणून हात जोडून नव्हे, रागानं सांगतो. दारू जरूर सोडा, पण रोज पिणाऱ्यानं डॉक्टरला विचारून सोडा. आणि घरातला माणूस थरथर कापू लागला, बरळू लागला, तर कुणाला अंगारा मागू नका. बंडी जुंपा.