दहा पावलं मागे

“खिडकीत उभी राहा, पण हात करायचा नाही,” लिफ्टमेकॅनिकने बायकोला बजावलं. “मागच्या खेपेला चिमीने हात केला आणि सगळी परीक्षाच फुकट गेली.”

“नाही करत हो. चिमी आत बसून शाळा किती लांब पडेल ते विचारतेय दलालाला.” बायकोच्या हातात मोजपट्टी होती, स्वयंपाकघराच्या ओट्यापासून ती अजून हटली नव्हती. “तुम्ही अण्णांना घेऊन स्टॉपवर जा. आणि घाई करू नका त्यांना.”

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. भाड्याचं घर पाहावं हिंडून, हे त्यात जोडायला हवं. नव्या शहरात येऊन या कुटुंबाला महिना होत आला होता आणि कंपनीने दिलेली तात्पुरती खोली आठवड्याभरात सोडायची होती. बायको परिचारिका, तिला दवाखाना जवळ हवा. दहा वर्षांच्या चिमीला शाळा हवी. पण हे सगळं नंतरचं. आधी अण्णा.

अण्णा म्हणजे मेकॅनिकचे वडील. चौतीस वर्षं पोस्टमन होते. डोक्यातली पत्र्याची पेटी दोन वर्षांपासून गळायला लागली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. तरी जुन्या गावात काही अडत नव्हतं. रोज सकाळी बाहेर पडायचे, जुनी फेरी मारायचे आणि चुकलेच तर कुणीतरी हाताला धरून आणून सोडायचं. सगळं गाव ओळखीचं. मग मेकॅनिकला बढती आली आणि तिच्याबरोबर बदली. नको म्हणता आलं असतं. पण तो तसं म्हणाला नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच, हे त्याला आता रोज टोचत होतं.

“मी कामावर जाताना त्यांना कुलूप लावून जाणार नाही,” बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “माणूस आहे तो. एकट्याने बाहेर पडून परत येता येईल अशी वस्ती शोधा. नाही सापडली तर मग... सोय करावी लागेल त्यांची कुठंतरी.” शेवटचं वाक्य बोलताना ती भांडी घासत होती आणि एकच पातेलं तिने दोनदा घासलं.

म्हणून ही परीक्षा. घरापासून बसस्टॉपपर्यंत अण्णांना एकदा चालवत न्यायचं, तिथून परत येताना त्यांना पुढे सोडायचं आणि आपण दहा पावलं मागून चालायचं. ते दारापर्यंत पोचले की वस्ती पास.

पहिल्या रविवारची वसाहत नावाने झोकदार होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पंचवीस इमारती, सगळ्या एकाच रंगाच्या. अण्णा चौथ्या फाटकापाशी उभे राहिले ते राहिलेच. “इथं पत्र वाटणाऱ्याचे हाल कुत्रा खाणार नाही,” म्हणाले. दुसऱ्या रविवारी चिमीने खिडकीतून हात केला तसे ते घरासमोरच्या मोठ्या चौकात रस्त्याच्या मधोमध थांबले, गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, आणि मागे वळून ते मेकॅनिकला म्हणाले, “या, या. रस्ता ओलांडताना मागे राहायचं नसतं.” बाप कौतुकात असला की त्याला अहोजाहो करायचा, साहेब म्हणायचा. त्यामुळे त्या घाबरलेल्या अवस्थेतही मेकॅनिकला बरं वाटलं होतं.

आजची वस्ती मात्र वेगळी होती. जुनी, बैठ्या घरांची. प्रत्येक फाटक निराळं, कुणाच्या भिंतीवर वेल, कुणाच्या दारात मोडकी सायकल. आणि दारोदार पत्रपेट्या! स्टॉपवरून निघताना अण्णांची मान ताठ झाली. सायकलदुरुस्तीच्या दुकानाशी न अडखळता डावीकडे वळले. हिरव्या फाटकापुढच्या कुत्र्याला लांबूनच “गप रे” म्हणाले आणि तेही गप्प झालं. एका तिरक्या पेटीला जाता जाता बोटाने सरळ केलं. मेकॅनिक मागून चालत होता आणि त्याचा ऊर भरून आला होता. अडकलेल्या लिफ्टमधून वर्षानुवर्षं माणसं सुखरूप बाहेर काढणाऱ्या त्या माणसाला आज आपलं माणूस बाहेर येताना दिसत होतं.

शेवटच्या गल्लीत अण्णा वळले आणि थेट या घराच्या निळ्या दरवाजाच्या पायरीशी थांबले.

“अण्णा! अहो, बरोबर आलात!” मेकॅनिक धावतच पोचला.

“न यायला काय झालं?” अण्णा रुमालाने कपाळ पुसत हसले. “तुम्हीही चांगले चालता. नवा माणूस जुन्याच्या मागून चालतो, तशीच फेरी शिकतो. मीही शिकलो तसाच. पण तीन रविवार झाले, आता पुरे. उद्यापासून एकट्याने या. कुत्र्याला घाबरू नका, आणि म्हाताऱ्या माणसांची पत्रं पेटीत टाकू नका. हातात द्या.”

“आणि तुम्ही?” मेकॅनिकने विचारलं.

“मी जाईन आता घरी.”

“कुठं आहे घर?”

अण्णांनी रस्त्याकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग अगदी शांतपणे पायरीवर बसले. “ते मला काही नीटसं सांगता यायचं नाही. पण मुलगा येईल न्यायला. लिफ्टच्या कामावर असतो. उशीर होतो त्याला, कामच तसं. पण येतो. आजवर कधी चुकला नाही.”

दार उघडलं. बायको हसतच बाहेर आली. “गल्लीत वळल्यापासून मी खिडकीतून पाहिलं. कुठंसुद्धा थांबले नाहीत! दलाल विचारतोय, हो सांगू ना त्याला?”

मेकॅनिक अण्णांच्या शेजारी टेकला होता. त्याने वर पाहिलं नाही.

“थांब जरा,” तो म्हणाला. “यांचा मुलगा यायचाय.”

तिचं हसू तिथंच राहिलं. आतून चिमी हाका मारत होती, तिला शाळा जवळ पडणार होती. बायकोने मोजपट्टी गुंडाळली, हळूच खाली उतरली आणि अण्णांच्या दुसऱ्या बाजूला बसली.

“तुम्हीही थांबताय का, बाई?” अण्णांनी तिच्यासाठी जरा सरकून जागा केली. “मग बसा. तिकडून येईल तो, त्या कोपऱ्यावरून.”

तिघंही कोपऱ्याकडे बघत बसले.